हानामियामा, फुकुशिमा: फुलांच्या टेकडीवर जाण्यापूर्वी

दूरदेशी (धागाकर्ता)

जपानमधील वसंताविषयीचे प्रश्न इथे दर वर्षी येतात आणि त्यांना उत्तरेही ठरलेलीच मिळतात: तोक्योचे उएनो उद्यान, क्योतोतील कालव्याकाठचे रस्ते आणि फार तर नारा प्रांतातील योशिनोचा डोंगर. ही ठिकाणे उत्तमच आहेत. परंतु ज्यांना केवळ चेरीच नव्हे, तर एकाच टेकडीवर दहा-बारा प्रकारची झाडे एकाच वेळी फुललेली पाहायची आहेत, त्यांनी तोक्योहून उत्तरेला फुकुशिमा शहरापर्यंत जावे आणि अबुकुमा नदीपलीकडच्या वातारी भागातील हानामियामाची टेकडी चढावी, असे मी आग्रहाने सुचवेन. मराठीत या ठिकाणाविषयी फारसे काही वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. हानामियामाला उद्यान म्हणत असले, तरी ती सरकारी बाग नाही. ती एका शेतकरी कुटुंबाची खासगी जमीन आहे आणि तेथे लावलेली झाडे मुळात विक्रीसाठी लावलेली आहेत. एवढे ध्यानात ठेवून गेले, की पायवाटा इतक्या अरुंद का, बाके इतकी कमी का, चटई अंथरून डबे उघडण्याची सोय का नाही आणि मध्येच एखाद्या झाडाची सगळी डोकी छाटलेली का दिसतात, या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात. आपण उद्यानात नव्हे, तर कोणाच्या तरी मळ्यात पाहुणे म्हणून आलेलो असतो.

आबे कुटुंबातील बापलेकांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात झुडपांनी भरलेला हा उतार कुदळ-फावड्याने मोकळा करून त्यावर फुलझाडांची लागवड सुरू केली. झाडे वाढली, टेकडी फुलू लागली आणि खालच्या वाटेने जाणारे लोक "आत येऊन पाहू का?" असे विचारू लागले. १९५९ मध्ये कुटुंबाने टेकडी सर्वांसाठी खुली केली आणि प्रवेशशुल्क ठेवले नाही. ते आजही नाही. पुढे आकियामा शोतारो या नामवंत छायाचित्रकाराने "फुकुशिमात नंदनवन आहे" अशा अर्थाचे उद्गार काढले, ते जपानभर पोहोचले आणि गर्दी वाढत गेली. आता आजूबाजूच्या शेतकऱ्यांचे उतारही फुलझाडांनी भरलेले आहेत, त्यामुळे प्रत्यक्ष पाहण्यासारखा परिसर मूळ टेकडीपेक्षा बराच मोठा झाला आहे.

एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पायथ्याशी उभे राहून वर पाहिले, की रंगांचे थर दिसतात. सर्वांत खाली मोहरीच्या जातीच्या नानोहानाचा पिवळा पट्टा असतो. त्याच्या वर फॉर्सिथियाचा, म्हणजे जपानी लोक ज्याला रेंग्यो म्हणतात त्याचा, अधिक तीव्र पिवळा रंग असतो. मध्ये बोकेची, म्हणजे जपानी क्विन्सची, शेंदरी-लाल झुडपे आणि पांढऱ्या मॅग्नोलियाची मोठमोठी, वाटीसारखी फुले दिसतात. या सर्वांमधून फिकट गुलाबी चेरीचे तीन-चार प्रकार डोके काढतात आणि त्याच सुमारास हानामोमोचा, म्हणजे शोभेच्या पीचचा, गडद गुलाबी रंग सुरू होतो. या झाडाची एक गंमत जवळ जाऊन पाहावी. काही प्रकारांत एकाच झाडावर पांढरी, गुलाबी आणि लालसर अशी फुले असतात, आणि काही ठिकाणी तर एकाच फुलाच्या पाकळ्यांवर दोन रंगांचे फराटे उठलेले असतात. रंगाची खाण असलेला हा प्रकार कॅमेऱ्यात मात्र नीट उतरत नाही. भडक दिसतो.

वर पोहोचल्यावर पश्चिमेला फुकुशिमाचे खोरे आणि त्यापलीकडे आझुमा पर्वतरांग दिसते. एप्रिलमध्ये तिच्यावर बर्फ असते. रांगेतील आझुमा-कोफुजी या १७०७ मीटर उंचीच्या ज्वालामुखीच्या अंगावर बर्फ वितळता वितळता सशाचा आकार उरतो, त्याला "पेरणीचा ससा" म्हणतात. हा ससा दिसला की पेरणीची वेळ झाली, असा इथल्या शेतकऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. चेरीच्या वेळी तो पूर्ण उमटलेला असेलच असे नाही. बर्फ जास्त असेल, तर त्याला ओळखू येण्यासाठी आणखी काही आठवडे लागतात.

आता प्रवासाविषयी. तोक्यो स्थानकावरून तोहोकु शिंकान्सेनने, म्हणजे उत्तरेकडे जाणाऱ्या बुलेट ट्रेनने, फुकुशिमाला दीड तासाच्या आसपास लागतो. यामाबिको किंवा त्सुबासा गाडी पकडावी. हायाबुसा वेगवान असली, तरी ती फुकुशिमाला थांबत नाही. एका बाजूचे भाडे नऊ हजार येनच्या घरात जाते, त्यामुळे तोहोकुत आणखी भटकायचे असल्यास रेल्वे पासचा हिशेब आधी करून पाहावा. बहराच्या दिवसांत स्थानकाच्या पूर्व दारासमोरून टेकडीसाठी खास बस सुटते. या काळात आसपासच्या गल्ल्यांत खासगी गाड्यांना मज्जाव असतो, म्हणून भाड्याची मोटार घेऊन पायथ्याशी पोहोचण्याचा विचार करू नये.

टेकडीवर साधारण ३०, ४५ आणि ६० मिनिटांचे असे तीन मार्ग आखलेले आहेत. ही वेळ न थांबता चालणाऱ्याची आहे. बसथांब्यापासून पायथ्यापर्यंतची चाल धरून अर्धा दिवस हाताशी ठेवावा, आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी लवकर पोहोचावे.

पुणेरी_प्रवासिनी

दूरदेशी, लेखाबद्दल मनापासून आभार. आम्ही आई-बाबांना घेऊन एप्रिलमध्ये येत आहोत. आमची विमानाची तिकिटे काढून झाली आहेत आणि फुकुशिमासाठी आमच्याकडे ९ ते १२ एप्रिल एवढेच दिवस आहेत. चेरीच्या तारखा दर वर्षी मागेपुढे होतात असे वाचल्यापासून जिवाला घोर लागला आहे. नेमका बहर हुकला, तर इतक्या लांब जाण्यात काही अर्थ आहे का? दुसरे असे, की आईचे गुडघे दुखतात. तिला पायऱ्या चढता येतात, पण उतरताना त्रास होतो.

दूरदेशी

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नासाठीच खरे तर मी हानामियामाची शिफारस करतो. जपानमधील बहुतेक प्रसिद्ध उद्यानांत सोमेई-योशिनो ही एकच जात लावलेली असते. ही झाडे कलमांनी वाढवलेली, म्हणजे अनुवंशाने एकसारखी असतात, म्हणून एका परिसरातील सर्व झाडे जवळजवळ एकाच दिवशी फुलतात आणि आठवडाभरात एकदमच झडतात. त्यात मध्येच पाऊस किंवा वारा आला, की खेळ संपला. हानामियामावर मात्र उमेपासून (जपानी प्लम) हानामोमोपर्यंत वेगवेगळ्या वेळी फुलणारी झाडे एकत्र आहेत. शेतकऱ्याला माल टप्प्याटप्प्याने बाजारात पाठवायचा असतो, त्यामुळे त्याने लागवडच तशी केलेली असते. साहजिकच तुमच्या चार दिवसांत कोणते ना कोणते झाड ऐन भरात असणारच.

बहराची तारीख कशी ठरते हेही थोडक्यात सांगतो. चेरीच्या फुलकळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात आणि नंतर झोपी जातात. हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळाली की त्यांची झोप मोडते आणि त्यानंतर जितकी ऊब मिळेल तितक्या लवकर त्या उमलतात. तोक्योसाठी एक ढोबळ गणित सांगितले जाते: १ फेब्रुवारीपासून रोजच्या कमाल तापमानांची बेरीज करत जावे आणि ती ६०० अंशांवर पोहोचली, की चेरी फुलण्याची वेळ आली असे समजावे. हवामान खात्याची पद्धत यापेक्षा साधी आहे. ठरलेल्या नमुना झाडावर पाच-सहा फुले उमलली की "फुलोरा सुरू" आणि ८० टक्के कळ्या उमलल्या की "पूर्ण बहर" असे जाहीर करतात. फुकुशिमा शहरात पूर्वी एप्रिलचा पहिला आठवडा उलटताना फुलोरा सुरू होत असे. अलीकडे मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीलाच चेरी फुललेली वर्षेही येऊन गेली आहेत. समजा तुमच्या वर्षी चेरी लवकर उरकली, तर ९ तारखेला तुम्हाला हानामोमो जोरात मिळेल, आणि माझ्या मते हानामियामाचे खरे वैभव चेरीत नसून हानामोमोतच आहे.

आईंसाठी ३० मिनिटांचा मार्ग निवडावा. वाटा काही ठिकाणी चढाच्या आहेत आणि पाऊस पडून गेल्यावर माती घसरडी होते, म्हणून काठी जरूर ठेवावी. न चढता पायथ्याच्या वाड्या-वस्त्यांतून फिरले, तरी संपूर्ण टेकडी समोर दिसते. किंबहुना रंगांचे थर खालूनच चांगले कळतात. हंगामात स्थानिक स्वयंसेवक मार्गदर्शक उपलब्ध असतात, त्यांना गुडघ्यांचे खुणेने सांगितले तरी ते सोपी वाट दाखवतात.

गुलछडी_मावळ

आमची मावळात फुलशेती आहे, पॉलिहाऊसमध्ये जरबेरा आणि उघड्यावर गुलछडी, त्यामुळे धाग्याचा विषय जिव्हाळ्याचा वाटला. मला एक उलगडत नाही. फांद्या विकणे हा जर त्या कुटुंबाचा व्यवसाय असेल, तर फुललेली फांदी बाजारात जायला हवी. मग लोक पाहायला येतात तेव्हा झाडावर फुले शिल्लक कशी राहतात? आणि दुसरे, हजारो माणसे बांधावरून चालत असताना जमीन तुडवली जाते, फांद्या मोडतात, त्याची भरपाई प्रवेशशुल्काशिवाय कशी होते? आमच्याकडे कासच्या पठारावर गर्दीने फुले तुडवली जाऊ लागली, तेव्हा शुल्क आणि ऑनलाइन नोंदणी सुरू करावी लागली, आणि ते योग्यच झाले असे माझे मत आहे.

शेवंती_सेंदाई

गुलछडीदादा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण सेंदाईत इकेबाना, म्हणजे जपानी पुष्परचना, शिकताना या फांद्या आठवडोन् आठवडे माझ्या हाताखालून जातात.

बाजाराला फुललेली फांदी नकोच असते, त्याला कळीने भरलेली फांदी हवी असते. फूल उमलले की ते वाहतुकीत गळते आणि फांदीला भाव राहत नाही. म्हणून थंडीतच, कळ्या टणक असताना, फांद्या कापतात, त्यांच्या जुड्या बांधतात आणि बुडखे पाण्यात ठेवून त्या उबदार, दमट खोलीत उभ्या करतात. या प्रक्रियेला फुकाशी म्हणतात. झाडाला हिवाळ्याची थंडी आधीच मिळालेली असल्यामुळे कळ्यांना वसंत आल्यासारखे वाटते आणि त्या हव्या त्या तारखेच्या बेताने फुगू लागतात. ३ मार्चच्या हिना मात्सुरीला, म्हणजे मुलींच्या बाहुल्यांच्या सणाला, घरोघरी हानामोमोची डहाळी लागते. परंतु उघड्यावरचा हानामोमो तेव्हा फुललेला नसतो, म्हणून ती सगळी मागणी फुकाशी केलेल्या फांद्यांवरच भागवली जाते. हानामियामावर भरपूर दिसणारी तोकाई-झाकुरा ही चेरीची जातसुद्धा फांद्यांसाठीच लावली जाते. तिच्या डहाळ्या सरळ, बारीक आणि खालपासून वरपर्यंत कळ्यांनी गच्च असतात, त्यामुळे फुलदाणीत त्या उठून दिसतात.

आमच्याकडे येणारी जुडी कागदात गुंडाळलेली असते. ती सोडल्यावर फांद्या एकमेकींत अडकू न देता बुडख्याकडून एकेक ओढून काढावी लागते, कारण टोकाकडून ओढली तर निम्म्या कळ्या जमिनीवर पडतात. नवख्या विद्यार्थिनीला आमच्या बाई पहिल्यांदा हेच शिकवतात, मांडणी नंतर.

तेव्हा एप्रिलमध्ये आपण जी झाडे फुललेली पाहतो, ती त्या हंगामात न कापलेली किंवा अंशतः कापलेली असतात. छाटलेल्या झाडाला नवे धुमारे फुटून ते पुन्हा कापणीयोग्य व्हायला काही वर्षे जातात, त्यामुळे कापणी आलटून पालटून होते. दूरदेशींनी लिहिलेली छाटलेली डोकी ती हीच.

दूरदेशी

शेवंतीताईंनी पहिल्या प्रश्नाचे माझ्यापेक्षा कितीतरी चांगले उत्तर दिले. दुसऱ्या प्रश्नाविषयी माझे म्हणणे असे, की कास आणि हानामियामा यांची तुलना एका मर्यादेपुढे जात नाही. कासची फुले खडकावरच्या बोटभर मातीत उगवतात आणि तेथे पाऊल पडले की रोपच मरते. हानामियामावर झाडे माणसाच्या उंचीची किंवा त्याहून मोठी आहेत आणि लोक आखलेल्या वाटेवरूनच चालतात. तरीही मातीवर ताण येतो, हे तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे. गर्दीची व्यवस्था, बस, वाहनबंदी, मार्गदर्शक हा भार आता शहर आणि स्थानिक लोक उचलतात. परंतु जमीन, झाडे आणि छाटणी कुटुंबाचीच आहे. शुल्क घ्यावे की नाही, यावर माझे मत तुमच्याकडेच झुकते. मात्र ज्यांची जमीन आहे त्यांनी ते न घेण्याचे ठरवले आहे, आणि इतकी वर्षे निभावले आहे. आपण आपल्या परीने पायथ्याच्या शेतकऱ्यांकडून काहीतरी विकत घ्यावे. तेथे फुलांची रोपे, लोणची, भाज्या विकायला असतात.

शंकासुर

कोणीच विचारत नाही, म्हणून मी विचारतो. फुकुशिमा म्हटल्यावर २०११ चा अणुअपघात आठवतो. तेथे सहकुटुंब फिरायला जाणे सुरक्षित आहे का? "आता सगळे ठीक आहे" एवढ्याने माझे समाधान होणार नाही.

दूरदेशी

रास्त प्रश्न आहे. नुसते "ठीक आहे" म्हणून तो उडवून लावणे वातारीच्या लोकांवरही अन्याय करणारे ठरेल.

फुकुशिमा हे शहराचे नाव आहे आणि प्रांताचेही. प्रांत क्षेत्रफळाने जपानमध्ये तिसऱ्या क्रमांकाचा आहे. अपघात झालेला दाइइचि अणुप्रकल्प पॅसिफिकच्या किनाऱ्यावर, ओकुमा आणि फुताबा या गावांच्या हद्दीत आहे, आणि फुकुशिमा शहर तेथून वायव्येला साधारण ६० किलोमीटरवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात आहे. मार्च २०११ मध्ये वाऱ्याची दिशा आणि पाऊस-बर्फ यांच्यामुळे किरणोत्सर्गी द्रव्ये वायव्येकडे वाहून आली. शहर रिकामे करण्याचा आदेश निघाला नाही, परंतु शहरातील किरणोत्सर्गाचे आकडे वाढले होते, आणि वातारी हा त्यातही जास्त मोजमाप आलेल्या भागांपैकी एक होता. तेथील पालकांची काळजी निराधार नव्हती. पुढे घरे, शाळा, बागा यांच्या आवारातील मातीचा वरचा थर खरवडून काढण्यात आला आणि ती माती किनाऱ्याकडील साठवण केंद्रात हलवण्यात आली. शिवाय सुरुवातीच्या किरणोत्सर्गात मोठा वाटा असलेल्या सिझियम-१३४ चे अर्धआयुष्य सुमारे दोन वर्षे असल्यामुळे तो भाग आपोआपही झपाट्याने घटला. सिझियम-१३७ चे अर्धआयुष्य ३० वर्षे आहे, म्हणून वनक्षेत्रात काम अजून बाकी आहे, हेही खरे.

आज शहरातील हवेतील किरणोत्सर्गाची मात्रा ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या (हे मात्रा मोजण्याचे एकक) आसपास किंवा त्याहून कमी असते. मुंबईहून तोक्योला येताना विमानात उंचीवर ताशी काही मायक्रोसिव्हर्ट मात्रा मिळते, तिच्यापुढे टेकडीवरचा अर्धा दिवस नगण्य आहे. मोजमापे प्रांताच्या संकेतस्थळावर रोज प्रसिद्ध होतात. माझ्या शब्दावर न विसंबता ती स्वतः पाहावीत.

शंकासुर

आकड्यांसह उत्तर दिल्याबद्दल आभारी आहे. समाधान झाले.

वरणफळ

शुद्ध शाकाहारी माणसाने तेथे खायचे काय, हेही कोणीतरी लिहावे. तोक्योत भारतीय उपाहारगृहे मिळतात. फुकुशिमात काय परिस्थिती आहे?

शेवंती_सेंदाई

शहराचा मान मोठ्या तव्यावर गोल रचून तळलेल्या एन्बान ग्योझांना, म्हणजे सारण भरलेल्या मोमोसारख्या पदार्थाला, आहे, आणि त्यांत बहुधा डुकराचे मांस असते, म्हणून त्या सोडूनच द्याव्यात. नूडल्सच्या रश्श्यात आणि भाज्यांतही माशाचा दाशी, म्हणजे अर्क, असतो. "मांस नको" एवढे सांगून भागत नाही, "मासा आणि दाशीही नको" असे लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवावी. जत्रेसारख्या दुकानांत काडीला टोचलेले कोन्याकुचे (एका कंदाच्या पिठाचे) गोळे मिळतात, ते दिसायला शाकाहारी असले तरी अनेकदा सुक्या माकुळासोबत उकळलेले असतात. सर्वांत सुरक्षित म्हणजे उमेबोशी (खारवलेले उमे) भरलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, भाजलेले रताळे आणि फळे. स्थानकातील दुकानातूनच घेऊन निघावे आणि टेकडीवर न उघडता खाली उतरून खावे. मेतकूट-भात करण्याइतकी सोय असलेली भाड्याची खोली मिळाली, तर आई-बाबा दुप्पट खूश होतील, हा स्वानुभव.

पुणेरी_प्रवासिनी

सर्वांचे खूप आभार. आता एक शेवटचा प्रश्न. फुकुशिमात दोन रात्री मुक्काम केला, तर टेकडीशिवाय जवळपास आणखी काय पाहावे? आणि थंडी किती असते?

दूरदेशी

दोन रात्री असतील, तर मुक्काम शहरात न करता ईझाका ओन्सेनला करावा. फुकुशिमा स्थानकावरून ईझाका मार्गाची छोटी गाडी अर्ध्या तासाच्या आत तेथे पोहोचते. हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे जुने गाव आहे. कवी बाशो १६८९ च्या उत्तरेकडील प्रवासात येथे उतरला होता, आणि त्याची ती रात्र पावसात, गळक्या छपराखाली फार वाईट गेली होती. तुमची तशी जाणार नाही. येथील साबाकोयु या सार्वजनिक स्नानगृहाचे पाणी मात्र अंग पोळेल इतके गरम असते, त्यामुळे बाबांना रक्तदाबाचा त्रास असल्यास निवासस्थानातील स्नानगृहच वापरावे.

टेकडीशिवाय मिहारु गावची ताकी-झाकुरा पाहावी. हा हजार वर्षांहून जुना मानला जाणारा, फांद्या धबधब्यासारख्या खाली झुकलेला एकच चेरीवृक्ष आहे आणि १९२२ पासून तो राष्ट्रीय नैसर्गिक स्मारक आहे. शिंकान्सेनने कोरियामा, तेथून बान-एत्सु पूर्व मार्गाने मिहारु आणि पुढे हंगामी बस, असा प्रवास आहे. येथे शुल्क आहे. तो साधारणपणे शहरातील चेरीनंतर काही दिवसांनी फुलतो, म्हणून ९ तारखेला हानामियामा आणि शेवटच्या दिवशी ताकी-झाकुरा असा क्रम ठेवावा, उलटा नव्हे.

थंडीचे म्हणाल, तर दुपारी उन्हात स्वेटर काढावासा वाटतो आणि सूर्य मावळल्यावर पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरू शकतो. एक जाड आणि एक पातळ असे दोन थर न्यावेत. पावसाळी जोडे नकोत, पण तळव्याला पकड असलेले जोडे हवेत.

पुणेरी_प्रवासिनी

ईझाकाची खोली आत्ताच आरक्षित केली. क्रमही तुम्ही सांगितला तसाच ठेवते. १२ तारखेनंतर ताकी-झाकुरा कोणत्या अवस्थेत होती, ते इथे लिहीन, म्हणजे नंतर जाणाऱ्यांना उपयोग होईल.

गुलछडी_मावळ

ताई, जमल्यास हानामोमोच्या छाटलेल्या बुंध्याचा एक जवळून फोटो नक्की टाका. जमिनीपासून किती उंचीवर कापतात आणि एका बुंध्याला किती धुमारे राखतात, ते मला पाहायचे आहे.